दाढेवर पोवळं

दुकानदार म्हणाला, एकेक बैठक पाच झ्लॉटी.
बैठक म्हणजे काय, तर सिमेंटची टिकली,
खाली खुंटी, वर पोवळ्याचा तुकडा चिकटवायचा.
माझ्याकडे तुकडे तेवीस.
पेन्शन किती, ते विचारू नका.

आमच्या वूच शहरात समुद्र नाही.
गिरण्या होत्या, आता त्यांच्या भिंती आहेत,
आणि चौथ्या मजल्यावर, न्हाणीघराला लागून,
दीडशे लिटर खारं पाणी,
जे मी दर रविवारी मीठ तोलून बनवतो.

आधी दारूच्या बाटल्यांची बुचं घेतली.
तरंगली.
दोन पोवळी रात्रभर शीर्षासनात फिरत होती.
मग अंड्यांच्या खोक्यात सिमेंट ओतलं.
टिकल्या सुरेख झाल्या, घाई नडली.
ताज्या सिमेंटचा चुना आठवडेच्या आठवडे
पाणी बदलत धुवायचा असतो,
मी थांबलो दोन दिवस.
गोगलगायी काचेवरून एकेक करून सुटल्या,
सुकलेल्या पोपड्यांसारख्या.
मग पितळेचे स्क्रू.
त्याबद्दल घरात बोलत नाहीत.
एक झिंगा होता, लाल पट्ट्यांचा,
बोग्ना त्याला प्रोफेसर म्हणायची.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
मी चाळीस वर्षं दात कोरूनच पोट भरलं,
मेणात, प्लास्टरात, चिनीमातीत,
लोकांच्या कवळ्या केल्या,
आणि मला सुचायला इतके दिवस लागले
की खालच्या कप्प्यात पत्र्याचा डबा आहे.
अक्कलदाढ कवळीत बसवत नाहीत,
कदाचित त्यामुळेच.

डब्यात उरलेले दात.
पुढचे बाजूला काढले, त्यांच्या पाठीत
धातूची टाचणी असते, आणि धातूचं एकदा झालंय.
दाढांना मात्र खाली नुसतं भोक,
कवळीचा गुलाबी मसाला आत शिरून धरावा म्हणून.
त्या भोकात घट्ट गोंदाचा एक थेंब,
एक काडी, वर पोवळं.
मिठाच्या पाण्यात दाढेला काही होत नाही.
तोंडात तरी काय होत होतं?

चौदा निघाल्या.

मग डब्याच्या तळाला ते पाकीट:
गेनोवेफा स्त्र्झेल्चिक, खालचा जबडा, मार्च १९८६.
शिवणकाम करायची. दोऱ्याचं टोक तोडायला
दात नाहीत म्हणून कात्री शोधत बसावं लागतं,
अशी तक्रार घेऊन आली होती.
माप दिलं, अर्धे पैसे दिले,
कवळी न्यायला आली नाही.
मी फोन केला. मुलीने उचलला.
नंतर मी पाकीट बंद केलं ते केलंच.

चार दिवस ते टेबलावर होतं.
मी त्याच्याभोवती जेवलो.
पाचव्या दिवशी बोग्नाने न विचारता
पाकीट माझ्या हातात दिलं, वर पकड ठेवली,
आणि भांडी घासायला गेली.
आठ दाढा.
एक सुटताना कडा उडाली. तीही चालते.

आता जून आहे.
दाढांचे उंचवटे दिसत नाहीत,
जांभळट साय त्यांच्यावर चढत गेली आहे,
एका कडेला अजून पांढरं, नखाएवढं.
अकराला दिवे मालवले
की पोवळी तोंडं उघडतात.
बोग्ना गोठलेली कोळंबी चुरून
ड्रॉपरने सोडते, एकेकाला, नावाने नाही,
पण उडालेल्या कडेच्या दाढेला
दोनदा.

बावीस झाले.
तेविसावा तुकडा बशीत कलंडून आहे.
कोपऱ्यावरचा फरशीवाला तुटके तुकडे फेकतो,
झिलई नसलेली, मागून खरखरीत फरशी मिळाली तर बघतो.
फुकट देईल.
नाही दिली तर त्याची वरची डावी दाढ
मी बसवली आहे, आठवण करून देईन.